चांगली बातमी फोनवर

गड्डम सिस्टरांच्या एप्रनच्या खिशात एक काळा स्टेपलर असायचा. त्यात पिना कधीच नसायच्या. मी नोकरीला लागले त्या पहिल्याच आठवड्यात कागद टाचायला म्हणून तो मागितला, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या घराची किल्लीच उसनी मागतेय. "ते औजार हाय," म्हणाल्या. "कागदाला लावायचं न्हाय." मग माझं गाव विचारलं. मी मोहोळ सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी मोहोळकरीण झाले. माझं खरं नाव त्यांनी पुढे कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

त्या औजाराचं काम कळायला आधी आमचं काम सांगायला हवं. ज्या बायकांना काही दुखत नाही, हाताला काही लागत नाही, अशा बायकांना आमचं रुग्णालय गावोगावच्या शिबिरांतून बोलावतं आणि त्यांच्या छातीचा फोटो काढतं. मॅमोग्राफी म्हणतात ती. फोटो मी काढते. बहुतेक जणींना सगळं ठीक आहे म्हणून घरी पाठवता येतं. एखादीच्या फोटोत मात्र बारीकशी सावली दिसते. ती सावली साधी की वाईट हे फोटो सांगत नाही. त्यासाठी सोनोग्राफीत बघत बघत तिथंपर्यंत सुई न्यायची आणि आतला तुकडा काढायचा, शेवईच्या तुकड्याएवढा. ही बायोप्सी. सुईला स्प्रिंग असते. डॉक्टर खटका दाबतात, टक् असा आवाज येतो आणि तुकडा निघतो. भूल दिलेली असते, दुखत फारसं नाही, पण आवाजाला बाई दचकते. दचकली की हलते, हलली की सुई चुकते.

म्हणून तो स्टेपलर. बाई टेबलावर झोपली की सिस्टर तिच्या कानाशी तो वाजवायच्या. टक्. "असा आवाज येनार. चारदा येनार. ह्याला दचकायचं ते आत्ता दचकून घे, मग न्हाय." बाई पहिल्यांदा हमखास दचकायची, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा नुसती डोळे मिटायची. तोवर त्या वाजवत राहायच्या. बाहेर रांग लागलेली असो, डॉक्टर हातमोजे घालून ताटकळत उभे असोत, त्यांना घाई नसायची.

उंचीला त्या बेताच्याच, म्हणजे टेबलापाशी उभं राहायला पायाखाली लाकडी पाट घ्यायच्या. घर सोलापूरच्या पूर्व भागात, आई विड्या वळायची, नवरा गिरणीत होता आणि तरुणपणीच वारला, एकुलता मुलगा हैदराबादला. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण स्वतःबद्दल बोलायचा त्यांना कंटाळा होता. घरी तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी, अक्कलकोटकडच्या बायकांशी कानडी. आलेल्या बाईला पाहून अम्मा, अक्का की आपा म्हणायचं हे त्यांना विचारावं लागायचं नाही. रागवायच्या मात्र सगळ्यांना सारख्याच.

सुई लावली की गाठ चिडते आणि अंगभर पसरते, असं आमच्याकडे येणारी दर दुसरी बाई ऐकून आलेली असते. त्यावर सिस्टरांचं उत्तर ठरलेलं होतं. "गाठीला काय राग येतोय व्हय? राग मला येतो." मग ते हसणं ओसरलं की शांतपणे, बोटांनी दाखवत, सुई कशी जाते आणि कशी येते ते समजावून सांगायच्या. एकदा एक नवरा बायकोच्या संमतीच्या कागदावर स्वतःच सही करायला निघाला. "तिला काय कळतंय, मी करतो की." सिस्टरांनी त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि विचारलं, "गाठ तुमच्या छातीत हाय का?" तो गृहस्थ बाहेर जाऊन बसला. बायकोनं सही केली. वेळ लागला, पण पूर्ण नाव लिहिलं.

नावाच्या बाबतीत तर त्या फारच हट्टी. तुकडे ज्या औषधाच्या बाटलीत ठेवतात त्या बाटलीवर आधी नाव लिहून ठेवणं त्यांना चालायचं नाही. बाई टेबलावर झोपल्यावर, तिच्या डोळ्यांसमोर बाटली धरून लिहायच्या, तेही बाटलीच्या अंगावर, कारण झाकणं बदलतात. आणि लिहिण्याआधी बाईनं स्वतः सांगायचं. पूर्ण नाव, गाव, आणि बाजू कुठली ते हात लावून. सगळं कागदावर असायचंच. आमचे डॉक्टर नाईकवाडी शांत माणूस, पण एकदा तेही वैतागले. "सिस्टर, कागदावर आहे ना सगळं."

"कागद झोपलाय का टेबलावर?" म्हणाल्या, आणि लिहीत राहिल्या.

तुकडा बाटलीत पडला की वाकून पाहायच्या. बुडाला तर मान हलवायच्या. तरंगला तर नुसत्या डॉक्टरांकडे बघायच्या, कारण चरबी तरंगते, म्हणजे सुईला नेमकी जागा सापडलेली नाही. डॉक्टर आणखी एक घ्यायचे. सगळं झालं की ती जागा दहा मिनिटं दाबून धरायची, आत रक्त साकळू नये म्हणून. घड्याळ बघून दहा. त्या दहा मिनिटांत सिस्टर बाईशी गप्पा मारायच्या: कशानं आलीस, घरी कोण, रानात काय लावलंय. मला तेव्हा वाटायचं, वेळ घालवतायत.

अहवाल यायला आठवडा जायचा. तो आठवडा कसा जातो हे मी वर्षानुवर्षं बायकांच्या चेहऱ्यांवर पाहिलंय, आणि त्याची सवय होत नाही. सिस्टरांचा नियम होता: चांगली बातमी फोनवर, वाईट बातमी समोर बसून. चांगला अहवाल हातात आला की एक मिनिट थांबायच्या नाहीत. व्हरांड्यात उभ्या राहून सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, "साधी हाय गं, साधी. जेव आता." वाईट असला तर आवाज एकदम खाली. "येऊन जा एकदा. बसून बोलू." हळूहळू हे गावागावांत पोचलं. सिस्टर फोनवर बोलल्या म्हणजे बरं, आणि बसून बोलू म्हणाल्या म्हणजे काय, हे बायकांना आम्ही न सांगताच कळायला लागलं.

आता कमलची गोष्ट. सिस्टर म्हटलं की मला आधी तीच आठवते.

फेब्रुवारी संपत आला होता. करकंबला आमचं शिबिर झालं, त्यातून सुईसाठी आलेली ही बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं काटक, एकटीच आलेली. कागदावर नाव कमल विठोबा गवळी, गाव नातेपुते, डावी बाजू. माझ्या फोटोत तिची सावली मुगाएवढी होती आणि तिची कड मला बघताक्षणीच आवडली नव्हती. सिस्टरांनी बाटली धरली आणि म्हणाल्या, "सांग नाव." बाई थांबली. छताकडे पाहिलं, मग सांगितलं. सिस्टरांनी लिहिलं. स्टेपलर वाजवला तर ही बाई जराही दचकली नाही, नुसता उजवा हात डाव्या कुशीवर गेला. चार तुकडे निघाले, चारही बुडाले. दहा मिनिटं दाबताना सिस्टरांनी विचारलं, हाताला हा कसला वास गं? "गंधकाचा. बेदाण्याच्या शेडवर जाते न्हवं. शिबिराला बी जेवायच्या सुट्टीत तशीच चालत आलेले." मग एसटी चुकेल म्हणून घाईनं निघून गेली.

आठव्या दिवशी अहवाल आला. वाईट होता. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, वेळेत सापडलीय, ऑपरेशननं निभावेल, पण आता उशीर नको. सिस्टरांनी आवाज खाली केला आणि फोन लावला. तो बार्शीच्या कुणा दुकानदाराला लागला. पुन्हा लावला, तो चिडला. नातेपुत्याच्या आशाताईंना, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेला, फोन केला. त्यांनी दोन दिवस घेतले आणि सांगितलं, "ह्या नावाची बाई गावात न्हाय ओ. विठोबा गवळी म्हणून एक म्हातारं होतं, ते वारलं. पोरं पुण्याला."

सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत. डबा उघडला, शेंगाचटणीकडे बघत बसल्या आणि परत बंद केला. मी म्हणाले, पत्ता चुकला असेल, येईल ती आपणहून. त्या एकदम माझ्यावर उखडल्या.

"नातेपुत्याची बाई करकंबच्या शिबिराला जेवायच्या सुट्टीत चालत येते व्हय? किती लांब हाय ते, ठाव हाय ना तुला?" मग आवाज बसला. "ती नाव सांगताना थांबली हुती. मी बघितलं. घाबरली असंल म्हणलं आन् लिहून टाकलं. मग मी रोज विचारते कशाला गं? बाई थांबली आन् मी फुडं गेले."

तेव्हा मला उमगलं. आपल्याकडे बाईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव येतं, म्हणून विठोबा तिचा नवरा असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. तो तिचा वारलेला बाप होता. कमल हे तिचं माहेरचं नाव. लग्नात नाव बदललं असणार, आणि ज्या नावानं ती आज जगतेय ते नाव, ते घर, ते गाव आमच्याकडे कुठंच नव्हतं. तिचा आजार तेवढा आमच्या कपाटात होता.

रविवारी आम्ही दोघी करकंबच्या आसपासची बेदाण्याची शेडं धुंडाळायला निघालो. पंढरपूरपर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. ऊन तापायला लागलं होतं. वाटेत सिस्टरांनी मला बजावलं, कुणाला काही विचारायचं नाही, दवाखान्याचं नाव काढायचं नाही. "नाव लपवलंय म्हंजी कारण आसंल. आपण जाऊन बोंब मारली तर ती उद्यापासनं शेडवर बी यायची न्हाय." आम्ही बेदाणा घ्यायला आलेल्या बायका होतो. पहिल्या शेडवर काही नाही. दुसऱ्या शेडवर नुसते पुरुष. तोवर बारा वाजून गेले होते, आणि मला वाटायला लागलं होतं की आपण वेडेपणा करतोय.

तिसरं शेड मोठं. लांबलचक टेबलं, त्यांवर हिरवट-पिवळा बेदाणा पसरलेला, आणि दोन्ही बाजूंनी पस्तीस-चाळीस बायका निवडत बसलेल्या. गंधकाचा वास नाकात जाऊ नये म्हणून सगळ्यांच्या तोंडाला फडकी. नुसते डोळे दिसत होते. मी हताश झाले. बाईला मी दोनदाच पाहिलं होतं, एकदा फोटोच्या यंत्रापाशी आणि एकदा सुईच्या टेबलावर. मुकादम विचारत होता, किती किलो, कुठल्या प्रतीचा. सिस्टर त्याला म्हणाल्या, आधी माल बघते. आणि टेबलांमधून चालायला लागल्या.

मी मागे उभी होते. मला आधी कळलंच नाही तो आवाज कसला. टक्. दोन पावलं पुढे, पुन्हा टक्. पदराखाली हात धरून त्या स्टेपलर वाजवत होत्या. एकदोघींनी मान वर केली, पुन्हा खाली घातली. दुसरी रांग. टक्. मुकादम माझ्याकडे बघत होता. तिसऱ्या रांगेच्या टोकाला एका बाईची बोटं बेदाण्यात तशीच थांबली, आणि तिचा उजवा हात सावकाश डाव्या कुशीकडे गेला.

सिस्टर तिच्याकडे न बघता पुढे गेल्या आणि मुकादमाला म्हणाल्या, "प्यायला पानी कुटं हाय?" पाण्याच्या टाकीमागे आम्ही थांबलो. थोड्या वेळानं ती आली. तोंडाचं फडकं तिनं सोडलं नव्हतं.

"फोनचा नंबर म्या खोटा दिला हुता," ती म्हणाली. "तरी हुडकत सोता आलाव."

"व्हय."

"म्हंजी वाईट हाय."

"व्हय," सिस्टर म्हणाल्या. "पर लहान हाय. निगून जाईल. म्हणून तर आले."

ती तिथंच टाकीला टेकून खाली बसली. मग फडकं सोडलं. रडली नाही. हळू आवाजात बोलत गेली. "सासरी मला मंगल म्हणत्यात. सत्तावीस वर्सं झाली, कमल म्हणून हाक मारनारं कुणी ऱ्हायलं न्हाय. म्हणलं वाईट निगालं तर कमलला निगू दे. मंगलच्या घरात लगीन हाय. पोरीचं. अठरा दिस ऱ्हायल्यात. पावण्यांच्या कानावर गेलं तर मोडंल ओ. लगीन झालं की येते, आईची शपत."

माझा तर संताप झाला होता, आणि रडूही येत होतं. मी काही बोलणार तेवढ्यात सिस्टरांनी माझा हात दाबला. त्या तिच्याशेजारी मातीत बसल्या.

"टेबलावर कमल झोपू दे न्हाय तर मंगल. सुई एकीलाच लागली न्हवं?" मग, "बस्ता बांधलाव का?"

लग्नाच्या कपड्यांची खरेदी, बस्ता, म्हणजे आमच्याकडे सगळ्या घराचा सोहळा. ती म्हणाली, न्हाय अजून. गुरुवारी जायचंय, पंढरपुरात.

"सोलापुरात बांधा. आमच्या सोलापुरात साड्यांना काय कमी हाय? घरात सांग, एक वळखीची बाई हाय, चांगलं दुकान दावते. दुकानात सगळी बसली की तू पोट दुखतंय म्हणून उठ. मी दवाखान्याच्या दारात हुबी ऱ्हाते. आपरेशन लगीन झाल्यावर करायचं का आधी, ते डॉक्टर बघतील. तपासन्या थांबायच्या न्हाईत."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. आम्ही बेदाणा घेऊन परतलो. पुढचे दोन महिने आमच्या विभागात चहाबरोबर बेदाणाच होता.

गुरुवारी सिस्टर अकरा वाजल्यापासून फाटकात उभ्या. बारा वाजले, एक वाजला. मी दोन फोटोंच्या मध्ये खिडकीशी जाऊन बघायची. त्या तशाच, उन्हात, पदर डोक्यावर. दोन वाजता मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "तू काम कर तुझं. हितं नको घुटमळू." अडीच वाजले. मी मनात म्हटलं, संपलं, ही बाई येत नाही, आणि आता आपण तिच्या गावात पुन्हा पायही ठेवू शकत नाही. पण सिस्टर कुठल्या गाडीकडे बघत उभ्या होत्या हे मला दिसत होतं. प्रत्येक गाडीकडे.

तीन वाजून गेल्यावर रिक्षा थांबली. मंगल उतरली, आणि तिच्यामागे साड्यांची पिशवी घेतलेली एक तरुण मुलगी. मंगलचा चेहरा पांढरा पडला होता. "म्या न्हाय सांगितलं तिला. माझ्या मागंच आली." मुलगी सिस्टरांना विचारत होती, "माझ्या आईला काय झालंय?" सिस्टरांनी दोघींना आत नेऊन बसवलं, पंखा लावला, दार लोटलं. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आल्या तेव्हा साड्यांची पिशवी आईच्या हातात होती आणि आईची फाईल मुलीच्या.

लग्न झालं. पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं. पाहुण्यांना कधी कळलं, ते काय म्हणाले, हे मी कधी विचारलं नाही. मंगल तपासणीला नेमानं येते, आणि आमच्या रजिस्टरात तिची दोन्ही नावं आहेत. त्या गुरुवारपासून सिस्टरांनी बाटलीपाशी आणखी एक प्रश्न वाढवला. "माहेरचं नाव काय?" आणि दहा मिनिटांच्या गप्पांत आणखी एक. "फोन कुणाच्या खिशात असतो?" बायका हसायच्या आणि खरं सांगायच्या.

निवृत्त होताना त्यांनी स्टेपलर माझ्या हातात ठेवला. "पिना घालशील तर बघ," एवढंच म्हणाल्या. भाषण करायला सांगितलं तर लाडू वाटायला निघून गेल्या.

त्या स्वतःही नेमानं फोटो काढून घ्यायच्या, माझ्याच यंत्रावर, यंत्राला नावं ठेवत. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच फोटोत मला डाव्या बाजूला काहीतरी दिसलं. आधी नव्हतं ते. मी पडद्याकडे बघत राहिले, आणि तेवढंच चुकलं. मागून आवाज आला, "किती मोठी?"

"डॉक्टर सांगतील, सिस्टर."

"मोहोळकरीण. किती मोठी?"

"मटकीएवढी," मी म्हणाले.

सुईच्या दिवशी बाटली मी धरली. दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. त्या पहिल्यांदाच त्या टेबलावर आडव्या होत्या, आणि पाट माझ्या पायाखाली होता. "नाव सांगा," मी म्हणाले. त्या थांबल्या. छताकडे पाहिलं. कमल अशीच थांबली होती. मी पेन उचललं नाही. विचारलं, "माहेरचं नाव, सिस्टर?"

"अनसूयाच," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडं अनसूयाच हाय. थांबले ती भीतीनं गं."

मी लिहिलं. अनसूया गड्डम, सोलापूर, डावी. मग स्टेपलर वाजवला. आणि सिस्टर दचकल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कानाशी तो वाजवलेली बाई चांगली खांदा उडेपर्यंत दचकली. डॉक्टर नाईकवाडींनी हातमोजे घातलेले हात मागे घेतले. "परत वाजव," त्या म्हणाल्या. मी वाजवत राहिले. कितव्यांदा ते मोजलं नाही, पण शेवटी नुसते डोळे मिटले. दहा मिनिटं मी घड्याळाकडे बघत दाबून धरलं. त्यांनीच विचारलं, "बुडाले का?" म्हटलं, चारही. "हं," म्हणाल्या.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगण्यात अर्थ नाही. अहवाल आला, मी उभ्या उभ्या वाचला, दोनदा वाचला. साधी गाठ. मला दुसरं काही सुचलं नाही. पाकीट घेतलं, रजाही न टाकता रिक्षा पकडली आणि पूर्व भागात त्यांच्या घरी निघाले. रस्ताभर मी एकटीच हसत होते.

त्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी रिक्षातून उतरले, वर पाहिलं, हात हलवला. त्या उठल्या. मेथीची जुडी मांडीवरून खाली पडली ती त्यांनी उचलली नाही. कठडा धरून माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघत राहिल्या. मी जिना चढून दारात पोचले तेव्हा त्या दारात होत्या, चौकटीला धरून, आणि त्यांचा चेहरा पाण्याच्या टाकीमागे बसलेल्या मंगलचा होता.

"किती पसरलंय?" त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय केलंय. मला शरमेनं मेल्यासारखं झालं. "नाही सिस्टर, साधी आहे. साधीच आहे."

"मग आलीस कशाला?"

"आनंदानं आले हो."

त्यांचा विश्वास बसला नाही. मी कागद पुढे धरला, त्यांनी हात मागे घेतला. वाईट बातमी सांगायला गेल्यावर आपण आधी गोडच बोलतो, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. चौकट न सोडता म्हणाल्या, "खाली जा. फोन कर."

मी खाली गेले. गल्लीत, विजेच्या खांबाशी उभी राहिले आणि फोन लावला. वर घंटी वाजलेली मला रस्त्यावर ऐकू आली. तीन वेळा वाजल्यावर त्यांनी उचलला.

"कोन बोलतंय?"

"दवाखान्यातून बोलतेय," मी म्हणाले, आणि व्हरांड्यात उभं राहून त्या बोलायच्या तेवढ्या मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "अनसूया गड्डम, डावी बाजू. साधी हाय गं, साधी. जेव आता."

मी वर पाहिलं. सिस्टर गॅलरीत सांडलेल्या मेथीशेजारी खाली बसल्या होत्या, फोन कानाला तसाच, आणि दुसऱ्या हातानं पदर तोंडाशी धरून रडत होत्या. दुसऱ्याच दिवशी मुलगा येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला, म्हणून मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

"ऐकलं," बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या. "ठेव आता." पण त्यांनी स्वतः ठेवला नाही.